उशीची मधली सुट्टी

“तुमच्याकडे घोडा आहे का?”

दार उघडल्या उघडल्या त्याने हेच विचारलं. ना नमस्कार, ना ओळख, ना पाळख. उंच, किंचित वाकलेला, गळ्यात भलेमोठे हेडफोन, पायात दोन वेगवेगळ्या चपला... आणि आवाज! आई शप्पथ, काय आवाज होता तो! ‘घोडा’ हा शब्द इतक्या गोड सुरात मी जन्मात कधी ऐकला नव्हता.

दार मी उघडलं होतं. माझ्यामागे हॉलमध्ये मावशी उभी होती. सोफ्यावर. हो, सोफ्याच्या वरच. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात किल्ल्यांच्या जुडग्याला असतो ना, तो चिमुकला लेझर. समोरच्या भिंतीवर त्याचा लाल ठिपका थुईथुई नाचत होता आणि त्या ठिपक्यामागे आमची उशी सुसाट धावत होती.

उशी म्हणजे आमची मांजर. पांढरी, गुबगुबीत, मधोमध बसकी. कुठेही ठेवा, तिथे पसरते. म्हणून उशी.

“घोडा?” असं म्हणत मावशी दाराकडे वळली. मावशीबरोबर तिचा हात वळला, हाताबरोबर लेझर वळला, आणि तो लाल ठिपका थेट त्या माणसाच्या शर्टाच्या खिशावर जाऊन बसला. डाव्या बाजूच्या.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. उशीने झेप घेतली. त्या देहाने अशी झेप घेता येते, हे उशीलाही त्याच दिवशी कळलं असावं! चारही पंजे त्याच्या छातीवर, खिसा टर्रकन फाटलेला, आणि तो दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभा.

“हा,” छातीवर लोंबकळणाऱ्या उशीकडे बघत तो शांतपणे म्हणाला, “हा तो घोडा.”

“ही,” मावशी सोफ्यावरूनच म्हणाली. “बाई आहे ती.”

“माफ करा. घोडी.”

आणि मावशी हसली. पोट धरून, चहा सांडेपर्यंत हसली. मग एकदम गप्प झाली, सोफ्यावरून उतरली आणि “पाणी आणते” म्हणत स्वयंपाकघरात पळाली.

हे मावशीचं नेहमीचंच. आई म्हणते, “हिला कुणी काही मनापासून विचारलं ना, की ही हसते आणि स्वयंपाकघरात जाते.” आईबाबांची बदली झाली तेव्हा शाळेसाठी मी मावशीकडे राहिले. तेव्हापासून मी हे इतक्यांदा पाहिलंय, की मावशी हसायला लागली की मी आधी स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवते.

तर पाणी आलं. मी शहाण्यासारखी पेला पुढे केला. “घ्या, काका.”

त्याचा चेहरा असा झाला, जणू उशीने दुसऱ्यांदा झेप घेतली. “काका? इतका का दिसतो मी?”

“दादा म्हण गं,” मावशी आतून ओरडली. “घाबरला बिचारा.”

---

तो आमच्या बरोब्बर खालच्या घरात राहायला आला होता. काम काय, तर पुस्तकं वाचायची. म्हणजे मनात नाही, मोठ्याने. माइकसमोर बसून आख्खं पुस्तक वाचायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं, आणि मग लोक ते कानाला लावून स्वयंपाक करताना, फिरताना ऐकणार. तो वाचायचा त्या स्टुडिओच्या भिंतीत पाणी मुरलं, दुरुस्ती निघाली. म्हणून हातातलं पुस्तक संपेपर्यंत त्याने हे घर भाड्याने घेतलं आणि आतल्या एका खोलीच्या भिंतींना फोम लावून तिथेच माइक मांडला.

“पुस्तक संपेपर्यंतच आहे मी,” तो म्हणाला. “तेवढे दिवस घोडदौड जरा...”

“पण तिने धावायलाच हवं हो!” मावशी कळवळून म्हणाली.

आणि हे खरंच होतं. आदल्याच आठवड्यात आम्ही उशीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. उशी वजनकाट्यावर बसली आणि काट्याच्या चारही कडांवरून खाली ओघळली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“वजन असंच वाढलं तर साखर होईल हिला. सांधे जातील ते वेगळंच. घरात हालचाल काय असते?”

“पलंगावरून सोफ्यावर,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही काय करता?” त्यांनी मावशीला विचारलं.

“मी... फिजिओथेरपिस्ट आहे.”

“म्हणजे लोकांना व्यायाम करायला लावता.”

“हो.”

“हं.” बस्. एवढंच. पण त्या ‘हं’ने मावशीचे कान लालबुंद झाले. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणारी, आजोबांना “अजून एकदा, शाब्बास!” म्हणत जिना चढवणारी माझी मावशी, आणि तिच्याच घरात ही उशी! त्या रात्री तिने कपाटातून लेझर शोधून काढला आणि घोडदौड सुरू झाली.

“माझी अडचण समजून घ्या,” खालचा म्हणाला. (मावशीने त्याचं नाव तेच पाडलं होतं. ‘खालचे’.) “पुस्तक भयंकर दुःखी आहे. आज नायिका आजारी. नायक उशाशी बसलाय. मी श्वास रोखून वाचतो, ‘खोलीत चिडीचूप शांतता होती’... आणि वरून धप्प! पुन्हा वाचतो, ‘खोलीत चिडीचूप शांतता होती’... धप्प! सातव्यांदा तर मीच माइकसमोर म्हणालो, मर बाई एकदाची, सुटू दे सगळ्यांना.”

मावशीने ओठ दाबून धरले. खांदे मात्र गदागदा हलत होते.

“तुमचा खिसा देते शिवून,” ती कशीबशी म्हणाली.

“राहू दे हो,” तो जिना उतरता उतरता म्हणाला. “आठवण.”

मी स्वयंपाकघरातला दिवा लावला.

---

लेझरचं प्रकरण मात्र आमच्या अंगाशी आलं. थोड्याच दिवसांत उशीचं काहीतरी बिनसलं. खेळ संपला तरी ती भिंतीसमोर बसून राहायची. टक लावून. ताटावरून उन्हाची तिरीप उठली की तिच्यावर तुटून पडायची. माझ्या कंपासपेटीच्या झाकणाचा कवडसा छतावर गेला, तर रात्री जेवेपर्यंत छताकडे बघत केविलवाणं ओरडत होती.

मावशीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं.

“अहो, तो ठिपका कधी तिच्या हाती लागतो का? शिकार म्हणजे काय, दबा, धाव, झेप आणि शेवटी पकड! तुम्ही पकडच काढून घेतलीत. वेडी होईल नाही तर काय! शिवाय डोळ्यांत गेला तो उजेड तर? काठीला कापडी उंदीर बांधा. थोडा वेळच खेळा, पण सकाळ-संध्याकाळ रोज. आणि खेळ संपताना तिला पकडू द्या. प्रत्येक वेळी. पकडलं की लगेच खायला द्या. मग बघा कशी तृप्त झोपते.”

“बरं.”

“आणि खेळ झाला की दोरी कपाटात! गिळली तर आतडी गोळा होतात. केसांचे रबर, सुतळ्या, रिबिनी, काही खाली दिसता कामा नये.”

झालं! माझे सगळे केसांचे रबर डब्यात कुलूपबंद झाले. लेझर माळ्यावर गेला. मावशीने एका पातळ काठीला दोरी आणि दोरीला माझ्या जुन्या मोज्याचा उंदीर बांधला. मग ती कंबर कसून कामाला लागली. खोक्यांना भोकं पाडून बोगदा केला. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवून घेतली. आणि उशी कपाटाच्या माथ्यावरून धाडकन उडी मारायची, ते बंद करायला भिंतीवर चढत्या पायऱ्यांसारख्या फळ्या ठोकायचं ठरवलं.

“एवढ्या वजनाने एवढ्या उंचावरून पुढच्या पायांवर उतरायचं?” ती उशीला दटावत होती. “माझ्या दवाखान्यात यायचंय का तुला?”

भिंतीत पहिलं भोक पाडलं आणि दाराची घंटी वाजली.

“आता काय,” तो दारात उभा राहून म्हणाला, “तबेला बांधताय?”

फाटक्या खिशाचा तोच शर्ट. काखेत काळ्या फोमचे जाड तुकडे.

“उरलेत,” तो म्हणाला. “मी छताला एक थर जास्तीचा लावला. मग वाटलं, आवाज माझ्याकडे अडवण्यापेक्षा तुमच्याकडेच अडवू. ती जिथे उतरते तिथे हे अंथरा. तिच्या पायांना बरं, माझ्या नायिकेलाही बरं.”

फोमचा तुकडा मावशीने हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, सोडला. पुन्हा दाबला. “हे... सांध्यांसाठी फारच छान आहे,” ती हळूच म्हणाली. माझी मावशी एखाद्याचं याहून मोठं कौतुक करूच शकत नाही.

मग काय, फळ्या दोघांनी मिळून लावल्या. तो फळी धरायचा, ती स्क्रू पिळायची.

“सरळ आहे का?” तो विचारायचा.

“डावा खांदा वर आहे.”

“फळीचा?”

“तुमचा. दिवसभर एकीकडे कलून बसता ना माइकसमोर? मान दुखत असेल.”

“दुखते...” तो म्हणाला. फळी धरून, मान न वळवता. “तुम्हाला कसं कळलं?”

“ते माझं कामच आहे.”

“फक्त काम?”

मावशी हसली आणि स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी मला स्क्रू ड्रायव्हर फ्रिजमध्ये सापडला. दुधाच्या पातेल्याशेजारी, अगदी नीट ठेवलेला! मी काही बोलले नाही. पण स्क्रू ड्रायव्हर फ्रिजमध्ये जातो तेव्हा काय समजायचं असतं, ते मला समजतं. मी काही लहान नाही.

---

त्याच दिवशी ठोक्यांचं ठरलं.

झाडूचा दांडा खालून छताला. एक ठोका, म्हणजे माइक सुरू, वरच्यांनी गप्प बसायचं. तीन ठोके, म्हणजे माइक बंद, त्याची विश्रांती. तेवढ्या वेळात उशीने हवा तो धुमाकूळ घालावा.

“म्हणजे उशीची मधली सुट्टी!” मी म्हटलं, आणि ते नावच पडलं.

एका ठोक्याचा अर्थ उशीला कधीच कळला नाही. पण तीन ठोक्यांचा! दोनच आठवड्यांत अशी अवस्था झाली, की ठक-ठक-ठक झालं रे झालं, की ती गाढ झोपेतून उठून, बोगद्यातून आरपार जाऊन, काठी ठेवलेल्या कपाटापुढे हजर. पुढे पुढे तर संध्याकाळी ती जमिनीला कान लावूनच बसायची. मावशीही बसायची. म्हणजे कान लावून नाही हो, पण दवाखान्यातून आल्यावर साडी-ड्रेस काही न बदलता, हातात काठी घेऊन, खुर्चीच्या टोकावर... तेच ते.

आणि मग एकदा तीन ठोके झाले आणि पाठोपाठ घंटीही वाजली. “विश्रांती आहे. म्हटलं, जिच्यासाठी घेतो तिचा खेळ तरी बघू.”

“उशीसाठी?” मावशी.

“...उशीसाठी,” तो.

तो फोमवर मांडी घालून बसला. सोबत कोमट पाण्याची बाटली. त्याचा घसा म्हणजे त्याची भाकरी, थंड काही चालत नाही. मावशीने उंदीर सोफ्याआड सरकवला, नुसतं शेपूट दिसेल असा. उशीने दबा धरला. आणि त्याने त्याच्या त्या पुस्तकी आवाजात, अगदी हळू, सुरुवात केली.

“ती थबकली. सोफ्याच्या पायाशी काहीतरी हललं होतं. मिशांच्या टोकापर्यंत एक शिरशिरी गेली. आयुष्यभर तिने फक्त आयतं खाल्लं होतं. पण आज... आज तिच्या पणज्या-खापरपणज्या तिच्या रक्तातून कुजबुजत होत्या...”

मला हसू आवरेना. उशीचं बूड डावी-उजवीकडे डुलायला लागलं. मी मावशीकडे बघितलं, तर मावशी उंदीर हलवायचीच विसरलेली! ती त्याच्याकडे बघत होती. तोंड अर्धवट उघडं, काठी हातात तशीच. उशीने निवांत चालत जाऊन उंदीर उचलला आणि तिघांकडे आळीपाळीने बघितलं, ‘एवढंच?’ अशा नजरेने.

“सोपी शिकार होती,” तो म्हणाला.

“मी... माझं लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दिवा मी आधीच लावला होता.

असे कितीतरी दिवस गेले. उशी बारीक झाली म्हणता येणार नाही, पण तिला कंबर कुठे असावी याचा अंदाज येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि या खेपेला ‘हं’ऐवजी “वा!” म्हणाल्या. खालच्याची मान बरी झाली, कारण मावशीने त्याला जिन्यात उभं करून भिंतीला पाठ लावायचा व्यायाम शिकवला होता. खांद्याला हात लावून शिकवला. दवाखान्यात ती रोज पन्नास खांद्यांना हात लावते, पण वर येऊन तळहाताकडे बघत बसत नाही. त्या दिवशी बसली.

आणि खाली पुस्तक पुढे पुढे सरकत होतं. नायिका बरी झाली. नायक परगावी गेला. शेवटचं प्रकरण उरलं.

---

त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. गॅलरीच्या जाळीच्या चौकटीचौकटीत थेंब अडकले होते, आणि उशी एकेका थेंबाला पंज्याने टिचकी मारत होती. तो आला. बसला नाही. दारातच उभा राहिला.

“उद्या शेवटचं प्रकरण. खाली येता का ऐकायला? माइकच्या पलीकडे खुर्ची ठेवतो. आजवर कुणालाच बसवलं नाही तिथे.”

येते म्हण, मावशी. येते म्हण!

“उद्या?” मावशी म्हणाली. “उद्या तर उशीचा... म्हणजे संध्याकाळचा व्यायाम असतो ना तिचा. चुकवून नाही चालायचं.” आणि ती हसली. छान, मोकळं हसली, नेहमीसारखी, आणि वळली.

“एक बोलू?” तो म्हणाला.

ती थांबली.

“तो लाल ठिपका आठवतो? तुमचं तसंच आहे. समोर असता... अगदी इथे असता. हात पुढे केला की भिंतीवर.” तो चिडला नव्हता. हे सगळं त्याने इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की मलाच कसंतरी झालं. “मी उशीइतका चपळ नाही हो. दमतो.”

तो गेला. मावशी स्वयंपाकघरात गेली. दिवा मी लावला नव्हता, तिनेही लावला नाही. बराच वेळ ती तिथे अंधारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी एक ठोका आला. फक्त एक. त्यानंतर तीन आलेच नाहीत. संध्याकाळ सरली. पुस्तक संपलं होतं.

पुढचे दिवस नुसते रिकामे. आम्ही उशीला वेळच्या वेळी खेळवायचो, पण ती उंदराकडे बघायची, जमिनीकडे बघायची आणि आडवी व्हायची. ठोक्यांशिवाय तिची सुट्टीच होत नव्हती. तो सकाळी बाहेर पडायचा, अंधार पडल्यावर यायचा. स्टुडिओ सुरू झाला, असं जिन्यात कुणीतरी म्हणालं.

शेवटी मला राहवेना.

“मावशी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“कशाबद्दल?”

“पकडच काढून घेतलीत, म्हणून वेडी झाली.”

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. “तुझं वय काय, बोलतेस काय!”

“वयाचं सोड. तू हसून पळतेस कशाला? तो तुला आवडत नाही का?”

ती बराच वेळ एकाच रुमालाची घडी घालत राहिली. उलगडत राहिली. “हसलं की कसं...” ती म्हणाली, “मग समोरच्यालाही वाटतं, गंमतच चालली होती. नाही म्हणाला, तरी लागत नाही.”

“आणि हो म्हणाला तर?”

मावशीने तो रुमाल अखेर खाली ठेवला. हसली मात्र नाही. मी मनात नोंद केली.

---

रविवारी सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि...

ठक-ठक-ठक.

उशी हवेतच उठली! बोगद्यातून सुसाट, कपाटापुढे हजर. आणि मावशी! कप आपटून ठेवला, कपाट उघडलं, काठी काढली. चेहरा असा उजळलेला, की मी बघतच राहिले.

ठक-ठक-ठक. पुन्हा.

ठक-ठक. ठक-ठक-ठक-ठक.

उशी गोल गोल फिरायला लागली. कपाटापुढे, दारापुढे, पुन्हा कपाटापुढे. एवढ्या सुट्ट्या एकदम कुणी देतं का? ठोके थांबेचनात. मधूनच काहीतरी चर्रर्र करून फाटल्यासारखा आवाज. मी गॅलरीच्या जाळीला नाक लावून खाली बघितलं. कचऱ्याच्या डब्यांशेजारी काळ्या फोमचा ढीग पडला होता.

“मावशी,” मी म्हटलं, “ते फोम काढतायत.”

मावशीच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणी बटण दाबून घालवावा तसा गेला. पुस्तक संपेपर्यंतच आहे मी... दोघींनाही तेच आठवलं.

आणि मग ती धावली. अनवाणी. हातात काठी तशीच. काठीमागे दोरी, दोरीमागे मोज्याचा उंदीर जिन्याच्या पायरीपायरीवर टप्प टप्प आपटत चाललेला, आणि उंदरामागे आमची उशी! तिच्या दृष्टीने खेळ एकदाचा सुरू झाला होता. उशीमागे मी, “अगं दार! अगं मांजर!” ओरडत.

त्याचं दार उघडंच होतं. आम्ही सगळ्या वरातीसारख्या आत शिरलो. मी आधी मागे वळून दार लावलं. उशीला रस्ता दिसला असता तर प्रेमकथा राहिली असती बाजूला!

तो आतल्या खोलीत स्टुलावर उभा होता. हातात हातोडी, केसांत फोमचा भुगा. डोक्यावरचं छत अर्धं काळं, अर्धं पांढरं.

“निघालात?” मावशी धापा टाकत म्हणाली.

“कुठे?”

“ते मला काय माहीत! पुस्तक संपलं, निघालात. सांगायचं तरी! निदान... मी... आम्ही... उशी...”

“हो, उशीला सांगायला हवं होतं,” तो गंभीरपणे म्हणाला. पण ओठांचा कोपरा हलला.

“हसू नका!” मावशी ओरडली. माझी मावशी! दुसऱ्याला सांगत होती, हसू नका! “प्रत्येक वेळी हसण्यावारी न्यायचं नसतं!”

तो स्टुलावरून उतरला. हातोडी खाली ठेवली. “मी कुठेही जात नाहीये. मालकांना सांगितलं, राहतो इथेच. फोम काढतोय फक्त.”

“का?”

“ऐकू येत नाही म्हणून.”

“काय ऐकू येत नाही?”

“तुम्ही.”

मावशीच्या हातातली काठी एकदम स्थिर झाली.

“दिवसभर त्या बंद खोलीत वाचतो,” तो म्हणाला. “तिथे श्वाससुद्धा ऐकू येऊ नये अशी सोय आहे. घरी येतो, तर इथेही तेच, माझ्याच हाताने केलेलं. वर उशी उडी मारते ते नाही. तुमचं ‘शाब्बास बाई, अजून एकदा’ नाही. हिच्या खुर्चीचं करकरणंही नाही.” (हिच्या म्हणजे माझ्या. मला फार बरं वाटलं.) “एवढी शांतता मागितली नव्हती मी. म्हटलं, नाही पकडता आलं, तर नाही. निदान ऐकू तरी येऊ दे.”

खोलीत चिडीचूप शांतता होती. खरीखुरी.

मला माहीत होतं आता काय होणार. मावशीच्या ओठांशी हसू आलं. तिची नजर उजवीकडे वळली. त्याचं घर म्हणजे आमच्याच घराची नक्कल, त्यामुळे उजवीकडे काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यालाही दिसलं ते. “स्वयंपाकघर तिकडेच आहे,” तो हळूच म्हणाला. “रिकामंच आहे.”

मावशी गेली नाही.

ती तिथेच उभी राहिली, पायाची बोटं फरशीवर रोवून. मग तिने काठी खाली ठेवली. मोज्याचा उंदीर दोघांच्या मध्ये, फरशीवर निपचित पडला. उशीने दबा धरला, बूड डुलवलं, आणि झेप! पकडला, घट्ट, चारही पंज्यांत. आणि त्याला पोटाशी धरून आडवी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती अशी घुर्रघुर्र करत होती.

“पकडलं,” तो म्हणाला.

“हो,” मावशी म्हणाली. मान वर करून, थेट त्याच्याकडे बघत. कान लाल, पण आवाज स्वच्छ. “पकडलंत.”

इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि एक शब्द म्हणून सापडेना! फाटक्या खिशावर हात ठेवून नुसता उभा.

“डॉक्टरीणबाई म्हणतात,” मावशीच पुढे म्हणाली, “खेळ संपताना पकडू द्यायचं असतं. नाहीतर... वेड लागतं.”

“लागलंच होतं,” तो म्हणाला. “आणि पकडल्यावर?”

“पकडल्यावर लगेच खायला द्यायचं.” तिने त्याच्या केसांतला फोमचा तुकडा काढला. अगदी सहज. “या वर जेवायला. आज. आणि हा शर्ट द्या, खिसा शिवते.”

“शर्ट नाही देणार. जेवायला येतो.”

दोघांचं बघणं काही संपेना. उशी उंदीर चाटत बसली होती. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी कोपऱ्यातली कोमट पाण्याची बाटली उचलली आणि पुढे केली.

“घ्या, काका,” मी म्हटलं.

त्याने मावशीकडे बघितलं. मावशीने त्याच्याकडे बघितलं.

आणि या खेपेला ‘दादा म्हण’ असं कुणीही म्हणालं नाही.